आपल्या घरचा केर
(मंडळाच्या मार्गशीर्षातील मासिक सभेत केलेले भाषण)



या जागी उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. दर महिन्याला मी येते, सतरंज्या घालते, चहाचे बघते आणि मागच्या रांगेत बसून ऐकते. ‘पर्यावरण’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी साफ नाही म्हटले होते. सातवीनंतर माझी शाळा सुटली. मुलांच्या पुस्तकांना कव्हरे घालताना हा शब्द वाचला, एवढीच त्याची आणि माझी ओळख. त्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या गच्चीवरच्या माठांबद्दल बोला म्हणजे झाले.” माठांबद्दल मला बोलता येईल. पण ते गच्चीवर कसे आले हे सांगायचे, तर माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगावी लागते. ती मी आजवर घराबाहेर कोणापाशी काढलेली नाही.

तीन वर्षे झाली. दिवाळीची आवराआवर चालली होती. फळीवरची लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी हातातून निसटली आणि फुटली. मी काचा गोळा केल्या, एका काळ्या पिशवीत घातल्या, वर भाजीची देठे, शिळा भात, चहाचा चोथा लोटला आणि पिशवीला गच्च गाठ मारून दाराबाहेर ठेवली. घर स्वच्छ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आळीत कचरा नेणाऱ्या बाई आल्या. कोपऱ्यावर गाडी उभी करून त्या एकेक पिशवी सोडून बघत होत्या. मी वरून कपडे वाळत घालीत होते. एकाएकी त्यांनी हात मागे घेतला आणि मटकन खाली बसल्या. मी धावत गेले. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत चिरले होते. त्या ओरडल्या नाहीत, की कोणाला बोलल्या नाहीत. “ताई, वाईच पाणी घालता का हातावर?” एवढेच म्हणाल्या.

काच कोणाच्या घरची हे त्यांना ठाऊक नव्हते. मला होते, कारण काचेला आमच्या लोणच्याचा खार लागलेला होता. तो त्या जखमेत गेला असणार. मी पाणी घातले, हळद आणली, फडके बांधले, आणि तोंडातून शब्द काढला नाही. सात टाके पडले. अकरा दिवस त्या आल्या नाहीत. त्यांची मुलगी यायची, शाळा बुडवून.

अकरा दिवस मला जेवण गोड लागले नाही. बाराव्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी खाली जाऊन सांगितले, “ती बरणी माझी होती.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ताई, रोज कोणाची ना कोणाची असतीच की.” मला वाटले होते, त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या दिवशी मी त्यांचे नाव विचारले. दहा वर्षे त्या आमच्या दारात येत होत्या आणि आमच्या घरात त्यांना नुसते ‘कचरेवाली’ म्हणत असत. नाव मी आज इथे सांगत नाही, कारण त्यांनीच नको म्हटले आहे.

मग मी त्यांना विचारीत गेले, की आमच्या पिशवीचे पुढे काय होते? आपण गाठ मारली की आपल्या लेखी ती पिशवी संपली. पण त्यांचे काम तिथून पुढे सुरू होते. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या हे सारे भंगारवाल्याकडे विकले जाते, आणि त्याचे पैसे होतात. मात्र पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तो पुठ्ठा फुकट. कोरडा कागद आणि ओली साल एका पिशवीत कोंबली की दोन्ही वाया. मी म्हटले, हातमोजे का घालीत नाही? तर म्हणाल्या, घालते, पण पातळ प्लास्टिक चिमटीत येत नाही, म्हणून काढावे लागतात. चकल्या-चिवड्याच्या, वेफर्सच्या त्या चकचकीत पिशव्या कोणी विकत घेत नाही. त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे पापुद्रे एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की ते सुटत नाहीत. या गोष्टी त्यांना पाठ आहेत. आपण त्यांना अडाणी म्हणतो!

पुण्यात या कामातल्या बायकांनी १९९३ साली आपली संघटना बांधली. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे तिचे नाव, आणि बाबा आढाव तिचे अध्यक्ष होते. पुढे २००८ साली त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. दारोदार जाऊन कचरा गोळा करणाऱ्या या बायकाच तिच्या मालकिणी. हे मी वाचले तेव्हा मला नवल वाटले. आपल्या मंडळाला नोंदणीचे कागद करायला दोन वर्षे लागली होती, आठवते ना?

आता, जे विकले जात नाही ते कुठे जाते? याचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागले नाही. माझी एक मावशी एका शहराच्या कचरा डेपोला लागून असलेल्या गावी दिलेली आहे. गावाचे नाव सांगत नाही; नाव घेतले की सोयरिकीला आलेले लोक मागे फिरतात, असे मावशी म्हणते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिच्या विहिरीत पोहायला शिकलो. आज त्या विहिरीचे पाणी गुरे तोंडात घेत नाहीत. कचऱ्याच्या ढिगातून काळे पाणी झिरपते आणि जमिनीतून विहिरीला लागते. मावशीकडे आता टँकर येतो. संध्याकाळी दारे लावून स्वयंपाक करावा लागतो, इतक्या माश्या. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा ढिगाच्या अंगाला उभी राहिले, आणि माझ्या मनात आले, आपल्याही गावाचा असा ढीग कोणाच्या तरी मावशीच्या विहिरीशेजारी असणारच.

या ढिगांना आगीही लागतात. मुंबईचा देवनारचा ढीग १९२७ सालापासूनचा. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला, तेव्हा दिवसच्या दिवस धूर राहिला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा आपोआप कसा पेट घेतो, हे मला कळत नव्हते. माझ्या भाच्याने समजावून दिले. आपल्यापैकी ज्यांच्या माहेरी गोबर गॅस होता, त्यांना ते चटकन कळेल. शेण हवाबंद टाकीत कुजले की त्यातून जळणारा वायू निघतो आणि त्यावर आपण भाकरी भाजतो. आपल्या घरची देठे, साली आणि उष्टे अन्न डोंगराएवढ्या ढिगाखाली दडपले की त्यालाही हवा मिळत नाही, आणि तोच वायू तयार होतो. मात्र त्यावर कोणाची भाकरी भाजत नाही. तो वर जातो आणि हवा तापवतो, किंवा ठिणगी मिळताच पेटतो. आणि त्याच सालींना मोकळी हवा मिळाली, तर हा वायू होत नाही, त्यांचे खत होते. साल तीच, देठ तेच. मला हे ऐकून फार चुटपूट लागली, कारण हे तर मी लहानपणी रोज पाहत होते.

आमच्या माहेरी परसात उकिरडा होता. शेण, केर, चुलीतली राख, गुरांनी टाकलेला कडबा, सगळे त्यात. वैशाखात उकिरडा उपसून वडील बैलगाडीने खत रानात नेत. आमच्या घरी ‘टाकायचे’ असे काही नसायचेच. लुगडे जुने झाले की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणे. मी काही जुने ते सगळे सोने असे म्हणणारी नाही. त्या चुलीच्या धुराने माझ्या आईचे डोळे गेले, आणि मला गॅसची शेगडी मिळाली याबद्दल मी देवाचे रोज आभार मानते. पण उकिरडा मात्र आम्ही उगाच विसरलो.

तर त्या दिवाळीनंतर मी ठरवले, की काच, कागद, प्लास्टिक वेगळे द्यायचे, आणि ओला केर घराबाहेर जाऊच द्यायचा नाही. घरात माणसे पाच. आठ दिवस मी वाणसामानाच्या काट्यावर ओला केर तोलला, तो नऊ किलो भरला! आमचे हे म्हणाले, “आता कचऱ्याचाही हिशेब ठेवणार का?” मी म्हटले, तुमच्या पगाराचा ठेवते, तसा याचाही ठेवीन.

कुंभाराकडून तीन माठ आणले, बाजूने भोके पाडून घेतली, आणि गच्चीत ठेवले. रोज केर टाकायचा आणि वर झाकण. तीन आठवड्यांत जे झाले ते सांगायची लाज वाटते. असा वास सुटला, की शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावून वर येऊन पाहिले. खालून काळे पाणी ओघळले. आणि एके दुपारी माठातल्या पांढऱ्या अळ्या रांगेने बाहेर पडून, काकूंनी वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांकडे निघाल्या. काकू इथे बसल्या आहेत, हसताहेत. त्या दिवशी मात्र हसल्या नव्हत्या. दोन महिने त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. ह्यांनी माठ उचलून टाकायला सांगितले, आणि मीही हरले होते.

माठ वाचवले ते सासूबाईंनी. त्यांचे वय ब्याऐंशी, जिना चढवत नाही. मी खाली येऊन रडकुंडीला आले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगो, उकिरडा कधी कोणी झाकून ठेवतो का? त्याला वारा लागतो, कोंबड्या त्याला दिवसभर उकरतात. आणि तू त्यात नुसते ओलेच घालतेस. कडबा कुठाय? राख कुठाय?”

एवढेच माझे चुकले होते. सुके काही घातले नव्हते आणि हलवले नव्हते. आता मी काय करते ते सांगते. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि सुका पाला असा चांगला वीतभर थर. त्यावर रोजचा केर, देठे आणि साली जरा बारीक चिरून. दर वेळी वर दोन मुठी सुका पाला. पाला विकत आणायचा नाही. रस्त्यावरच्या बदामाच्या झाडाखाली हवा तेवढा पडतो, आणि तो कोणी पेटवून देण्याआधी मी पोते भरून आणते. आठवड्यातून दोनदा जुन्या उलथन्याने खालवर करते. ते माझ्या माठाचे कोंबडीचे काम. पहिल्या वेळी थोडे आंबट ताक शिंपडले होते, पुढे जुन्या खताचीच मूठ टाकते. ओल बरोबर आहे की नाही, हे मुठीत दाबून पाहावे. हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये. पाणी गळले तर पाला वाढवायचा, अगदीच कोरडे वाटले तर हात शिंपडायचा. वास आला तर समजावे, की आत हवा जात नाही. झाकण असे ठेवते, की पाऊस आत जाऊ नये, पण वारा जावा. आणि माश्या बसू नयेत म्हणून त्याखाली जुन्या धोतराचे फडके बांधते. अळ्या अजूनही कधी दिसतात. त्या चावत नाहीत, उलट केर खाऊन लवकर जिरवतात. पाला वाढवला की कमी होतात.

तेलकट रस्सा, लोणच्याचा खार, मटणाची हाडे घालीत नाही. आंब्याची कोय आणि करवंटी घातली तर पुढच्या वर्षी ती तशीच भेटते. एक माठ भरला की बाजूला ठेवते आणि दुसरा सुरू करते. अडीच महिन्यांनी पहिला उघडला तेव्हा आत केर नव्हताच. काळी, भुसभुशीत माती होती आणि तिला वळवाच्या पहिल्या सरीचा वास येत होता. मी घमेले घेऊन खाली आले आणि सासूबाईंच्या हातावर मूठभर ठेवली. त्यांनी ती हुंगली आणि म्हणाल्या, “हं. आता बरोबर.” माझे लग्न होऊन बावीस वर्षे झाली, पण माझ्या स्वयंपाकाला त्यांनी असे कधी म्हटले नाही.

काही बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लोंबता राहू द्या. तो एवढासा तुकडा कोणाच्या हाती लागत नाही, मोरीतून गटारात जातो. पिशवी विसळून वाळवून ठेवली तर तिचे त्या बाईंना पैसे होतात. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळून वरती ‘काच’ असे लिहून वेगळी हातात द्यावी. हे मी कशावरून शिकले, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

आणि एक बोलायचे आहे. बोलू की नको, असे दोन दिवस चालले होते. पण आपण सगळ्या बायकाच आहोत. महिन्याच्या त्या चार दिवसांतले पॅड आपण काळ्या पिशवीत दडवून केरात टाकतो, कोणाला दिसू नये म्हणून. कोणाला तरी ते दिसतातच, आणि तीही बाईच असते. ती पिशवी सोडते, तेव्हा आपली लाज आपण तिच्या हातावर ठेवलेली असते. पुण्यातल्या ‘स्वच्छ’च्या बायकांनी २०१३ साली असे वापरलेले पॅड गोळा करून, ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवून दिले होते, की हे तुम्ही बनवता तर पुढचे काय ते तुम्हीच सांगा. मला तर त्यांचे फार कौतुक वाटले. पुढे त्यांनी अशी रीत घातली, की पॅड जुन्या कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळते. आमच्या घरी आता मोरीत रद्दीचे तुकडे आणि लाल खडू ठेवलेला असतो. थोरली मुलगी कापडी पॅड वापरते, धुऊन कडक उन्हात वाळवते. धाकटीला ते पटत नाही, आणि मी तिला जबरदस्ती करीत नाही. या भाषणाची नक्कल स्मरणिकेत छापायची झाली तर एवढा भाग गाळू नये, अशी संपादिकाबाईंना विनंती आहे.

नियम सरकारने केलेले आहेत. ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करावा, असे २०१६ सालच्या नियमांत लिहिले होते. २०१८ सालच्या मार्चमध्ये आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. पण मंडईत भाजीवालीला ‘पिशवी दे’ म्हणून दटावणाऱ्या आपणच असतो. गाडगेबाबा गावात शिरले की कीर्तनाच्या आधी खराटा हाती घेत. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, आणि हाराला बांधून आलेली प्लास्टिकची पिशवी तिथेच खाली टाकतो.

आता मंडळाचे. हे जरा कडू लागेल, पण गेल्या वर्षी खरेदीला मीच गेले होते, त्यामुळे पहिला दोष माझाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण एकशे चाळीस प्लास्टिकचे डबे लुटले. घरोघरची वाणे धरून माझ्या एकटीकडे त्या महिन्यात एकतीस वस्तू जमल्या. त्यांतली चाळणी पहिल्याच दिवशी मोडली. चार डब्यांची झाकणे बसत नाहीत. दोन वस्तू कशासाठी आहेत, हे अजून घरात कोणाला उलगडलेले नाही. वाण म्हणजे पूर्वी सुगडात हरभरा, ऊस, बोरे, गाजर घालून देत. बोरे खाल्ली, सुगड फुटले, मातीत गेले.

यंदा मांजरपाटाचा तागा आणून आपल्या शिवणवर्गातल्या मुलींकडून पिशव्या शिवून घ्याव्या, असे मला सुचवायचे आहे. जुन्या साड्यांच्याही छान होतात. एका साडीत बारा बसतात, मी बेतून पाहिले आहे. पण वाण म्हणून जुने कापड देऊ नये, असे वडीलधाऱ्या बायका म्हणतील, आणि ते मला मान्य आहे. खजिनदारबाई मघाशी म्हणत होत्या, की डब्यापेक्षा पिशवीला शिलाई धरून जास्त पडतात. पडतात, खरे आहे. पण शिलाईचे पैसे आपल्याच मुलींना मिळतील. आणि खर्च बसत नसेल तर या वर्षी वाण न देता नुसता तिळगूळ द्यावा. माझी हरकत नाही. ज्यांची असेल त्यांनी आताच उठून सांगावे, मागाहून जिन्यात बोलू नये.

वर्धापनदिनाच्या जेवणाचेही तसेच. गेल्या वेळी कागदाच्या म्हणून ज्या पत्रावळी आणल्या, त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर होता. माझ्या माठात त्या आठ महिने तशाच राहिल्या. यंदा प्रत्येकीने आपापले ताट-वाटी घरून आणावे. ताटे घासायच्या बाजूला मी उभी राहीन.

खत माझ्याकडे दोन पोती तयार आहे. तुळशीला, गुलाबाला, कढीलिंबाला घालून पाहा. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीननंतर मी घरी असते, केव्हाही यावे. शेजारच्या काकू पहिले घमेले घेऊन गेल्या आहेत. आपापले भांडे आणावे. पिशवी मी देणार नाही.